अण्णांचा गुळगुळीत अहवाल आणि उरलेल्या 600 प्रती

पत्र

सर, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आमची कास्टिंगची, म्हणजे धातूच्या ओतकामाची, कंपनी आहे. नव्वदच्या दशकात पब्लिक इश्यू आला, तेव्हापासून बीएसईवर लिस्टेड आहे. मी गेल्या दिवाळीनंतर कंपनी सेक्रेटरी म्हणून रुजू झाले. माझ्या हातून निघणारा हा पहिलाच वार्षिक अहवाल. भागधारक साधारण 8,400. त्यातल्या 6,900 जणांचे ईमेल आरटीएकडे (भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) आहेत, 1,500 जणांचे नाहीत. गेल्या वर्षी 180 पानांचा, आर्ट पेपरवर, चाररंगी अहवाल काढला, 1,000 प्रती. छापील प्रत मागणारे भागधारक निघाले 46. सुमारे 600 प्रती अजून स्टोअरमध्ये पडून आहेत.

आमचे चेअरमन 76 वर्षांचे आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं म्हणणं, अहवाल म्हणजे कंपनीचा चेहरा, तो गुळगुळीतच हवा. सीएफओ म्हणतात, पीडीएफ टाका नि मोकळे व्हा. मुंबईची एक डिझाइन एजन्सी 'इंटिग्रेटेड रिपोर्ट' (आर्थिक आकड्यांसोबत पर्यावरण, समाज, कारभार असं सगळं एकत्र मांडणारा अहवाल) करून देतो म्हणतेय. त्यांचं कोटेशन बघून सीएफओंनी चहा अर्धा सोडला. एक मैत्रीण म्हणाली, संक्षिप्त अहवाल पाठव. शिवाय आमचं पेड-अप कॅपिटल (भरणा झालेलं भागभांडवल) 10 कोटींच्या आत आहे, म्हणून कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा, म्हणजे कंपनीचा कारभार कसा चालतो याचा, रिपोर्ट गाळता येईल का? नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) 40 कोटींच्या आसपास आहे. कायद्यात बसेल, खर्चात बसेल आणि अण्णांनाही पटेल, असा कुठला प्रकार निवडू?

— एक सीएस, कोल्हापूर

उत्तर

तुमच्या स्टोअरमधल्या 600 प्रती वाचून मला आमचं जुनं गोडाऊन आठवलं. मी पुण्यातल्या ज्या कंपनीत सेक्रेटेरियल खात्यात होतो, तिथे एके काळी 12,000 प्रती छापल्या जायच्या. पोस्टाने गेलेल्या प्रती पोती भरून परत यायच्या. रॅपरवर पोस्टमनने निळ्या पेनने लिहिलेलं असायचं: 'घर सोडून गेले', 'पत्ता अपूर्ण', कधी नुसतं 'मयत'. त्या 'मयत'वरून पुढे वारसांचा पत्रव्यवहार सुरू व्हायचा, एवढाच काय तो त्या प्रतीचा उपयोग. दिवाळीच्या साफसफाईत सगळं रद्दीत जायचं, आणि आमचा रद्दीवाला गुळगुळीत कागदाला भाव कमी द्यायचा. पुड्या बांधायला तो चालत नाही, म्हणायचा.

आता सरळ उत्तर. अहवाल एकच करा. आकार ए-फोर, उभा. पुढची 8 पानं रंगीत, अण्णांची. मागची सगळी कायद्याची, एकरंगी, साध्या मांडणीची. त्याचीच पीडीएफ करा आणि त्याच्याच 150 प्रती डिजिटल प्रेसवर काढा. वाचलेल्या पैशातले थोडे एका पानाच्या पत्रावर घाला. त्या पत्राकडे शेवटी येतो.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत लिस्टेड कंपन्यांना तिथल्या सेक्युरिटीज कमिशनकडे 'टेन-के' नावाचा लांबलचक, रूक्ष अहवाल भरावाच लागतो. मग पुष्कळ कंपन्या त्याच टेन-केला पुढे चार-आठ चांगली पानं आणि एक कव्हर लावतात आणि तेच भागधारकांना देतात. त्याला ते 'टेन-के रॅप' म्हणतात. भाकरी तीच, वर थोडं लोणी. एकदा टाइप झालेला, ऑडिटरने तपासलेला मजकूर परत डिझायनरच्या हवाली करून नव्याने मांडायचा नाही, हे त्यातलं खरं शहाणपण. आपल्याकडे खर्च आणि चुका नेमक्या त्या दुसऱ्या मांडणीत होतात.

पाठवण्याचा कायदा आधी नीट बघू, कारण तुमच्या भोवतीची माणसं वेगवेगळ्या वर्षांचे नियम बोलताहेत. अण्णा 2011 च्या आधीचे. त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनी मंत्रालयाने 'ग्रीन इनिशिएटिव्ह'ची परिपत्रकं काढून ईमेलने कागदपत्रं पाठवायची वाट उघडली, त्याआधी प्रत्येकाला छापीलच जायचं. तुमची मैत्रीण डिसेंबर 2024 च्या आधीची. तोवर सेबीच्या एलओडीआरमधल्या, म्हणजे लिस्टेड कंपन्यांसाठीच्या नियमावलीतल्या, 36 व्या नियमानुसार ज्यांचा ईमेल नाही त्यांना ठळक बाबींचं छापील पत्रक जायचं. तिच्या डोक्यातला 'संक्षिप्त अहवाल' तोच. डिसेंबर 2024 मध्ये सेबीने ते कलम बदललं. आता अशा भागधारकांना एक पत्र पाठवायचं आणि पूर्ण अहवाल वेबसाइटवर नेमका कुठे आहे त्याची लिंक, नेमक्या मार्गासकट, त्यात द्यायची. आणि जो कोणी छापील प्रत मागेल त्याला पूर्ण प्रत द्यावीच लागते. सीएफओंची 'मोकळे व्हा' ही कल्पना इथे अडते. एकही प्रत छापली नाही आणि सप्टेंबरात शिरोळच्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी मागितली, तर काय झेरॉक्स काढून देणार?

संक्षिप्त अहवालाचं आणखी एक. नाव संक्षिप्त असलं तरी तो पूर्ण अहवालाच्या जागी येत नाही, त्याच्या शेजारी येतो. म्हणजे दुसरं टाइपसेटिंग, दुसरं प्रूफ आणि चुकायला दुसरी जागा. सोडून द्या.

कंपनी कायद्याच्या बाजूला मात्र एक गाठ मारून ठेवा. छापील प्रतीतून मिळालेली सूट मंत्रालयाच्या 5 मे 2020 च्या परिपत्रकापासून चालत आली आहे आणि ती व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेतलेल्या एजीएमशी, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेशी, जोडलेली आहे. अण्णांनी ऐनवेळी 'यंदा सभा हॉलमध्येच घेऊ, भागधारकांना वडा-चहा देऊ' असं ठरवलं, तर ही सूट तशीच लागू आहे असं धरून चालू नका. कलम 136 पुन्हा उघडून वाचा. सभा कशी घ्यायची हे बोर्डाकडून मे महिन्यातच ठरवून घ्या. आणि एजीएमच्या नोटिशीत चालू परिपत्रकाचा उल्लेख करताना मागच्या वर्षीची तारीख कॉपी होऊ देऊ नका. ही चूक मी किती नोटिशींत पाहिली आहे!

कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा रिपोर्ट गाळता येणार नाही. एलओडीआरच्या 15 व्या नियमातली सूट मिळायला पेड-अप कॅपिटल 10 कोटींपेक्षा जास्त नको आणि नेटवर्थ 25 कोटींपेक्षा जास्त नको. मधला शब्द 'आणि' आहे, 'किंवा' नाही. तुमचं नेटवर्थ 40 कोटी, म्हणजे विषय संपला. बीआरएसआर नावाचा पर्यावरण-समाजाचा जाड रिपोर्ट बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 कंपन्यांना आहे. तुमचं नाव त्या यादीत नसेल तर तो हौसेने करू नका. एजन्सीचा इंटिग्रेटेड रिपोर्टही तसाच: सेबीने 6 फेब्रुवारी 2017 च्या परिपत्रकात तो पहिल्या 500 कंपन्यांना सुचवला, तोही ऐच्छिक म्हणून. एजन्सी वाईट नसेल, पण तिने तुम्हाला लग्नाच्या हॉलचं कोटेशन दिलंय आणि तुमच्या घरी बारसं आहे.

मग 180 पानं कमी कशी करायची? माझा अंदाज, तुमच्याकडे 50 पानं तरी अशी आहेत जी कोणी मागितलेली नाहीत. बोर्ड रिपोर्टला जोडायचा एमजीटी-9, म्हणजे ॲन्युअल रिटर्नचा उतारा, कधीच गेला. ॲन्युअल रिटर्न वेबसाइटवर ठेवून बोर्ड रिपोर्टमध्ये लिंक दिली की पुरतं. तरी 'गेल्या वर्षीचं बघून' करणाऱ्या एका कंपनीच्या अहवालात तो मला नंतरही सापडला होता. नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन पॉलिसी (संचालकांच्या नेमणुकीचं आणि मानधनाचं धोरण) अख्खी छापायची गरज नाही. ठळक मुद्दे आणि लिंक पुरे. जास्त पगाराच्या कर्मचाऱ्यांचं विवरण भागधारकांना पाठवायच्या प्रतीतून वगळता येतं. 'ज्यांना हवं त्यांनी कंपनी सेक्रेटरीला लिहावं' अशी ओळ मात्र टाकावी लागते. उपकंपनी असेल तर तिचे पूर्ण हिशेब वेबसाइटवर ठेवा. अहवालात तिच्यासाठी एओसी-1 चा, म्हणजे तिच्या ठळक आकड्यांचा, तक्ता असतोच.

सगळ्यात जास्त पानं कमी होतात मॅनेजमेंट डिस्कशनमध्ये, म्हणजे धंद्याचा आढावा घेणाऱ्या भागात. आपल्याकडे हा भाग जागतिक अर्थव्यवस्थेपासून सुरू होतो, मग भारताचा जीडीपी, मग वाहन उद्योग, आणि आपल्या भट्टीपर्यंत यायला पाच पानं जातात. नियमात उद्योगाची स्थिती, संधी आणि धोके, विभागवार कामगिरी, पुढचा अंदाज, जोखीम, अंतर्गत नियंत्रण एवढंच मागितलं आहे. शिवाय ज्या महत्त्वाच्या आर्थिक गुणोत्तरांत 25 टक्के किंवा त्याहून जास्त फरक पडला, त्यांची कारणंही मागितली आहेत. ती कारणं बहुतेक जण एका ओळीत उडवतात आणि जीडीपीवर दोन पानं घालतात. तुम्ही उलटं करा. आणि हाच मजकूर चेअरमनच्या पत्रात, बोर्ड रिपोर्टमध्ये आणि इथे असा तीनदा लिहू नका. मॅनेजमेंट डिस्कशन बोर्ड रिपोर्टचाच भाग म्हणून देता येतं. स्टँडअलोन (एकट्या कंपनीच्या) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह एकत्रित) हिशेबांतल्या अकाउंटिंग पॉलिसीज दोनदा येतात, त्याबद्दल ऑडिटरशी बोला. ते हो म्हणाले तर उत्तम, नाही म्हणाले तर वाद घालू नका.

पानं 180 वरून 128 वर आली असं समजा. 128 का, ते सांगतो. ऑफसेट प्रेस पुस्तक पानापानाने छापत नाही, फॉर्म्याने, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम बसणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याने छापतं. फॉर्मा 16 पानांचा असेल तर 128 म्हणजे बरोबर 8 फॉर्मे. तुमची 180 म्हणजे 11 फॉर्मे आणि वर चार पानं. त्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेट, वेगळं मशीन लावणं. त्यातून चाररंगी म्हटलं की एका फॉर्म्याला दोन्ही बाजूंच्या मिळून 8 प्लेट, एकरंगीला 2. आता गेल्या वर्षी हिशेबाच्या प्रत्येक पानावर मथळ्याखाली जी फिकी निळी पट्टी होती (असणारच, सगळ्यांच्या असते), तिच्या पायी मागचे सगळे फॉर्मे चाररंगी झाले. एका पट्टीसाठी! दीडशे प्रती डिजिटलवर काढल्या तर प्लेटचा प्रश्नच नाही, पण तिथेही रंगीत क्लिक आणि काळं क्लिक (क्लिक म्हणजे छापलेली एक बाजू) यांचे दर निराळे असतात. म्हणून कोटेशन मागताना 'एका प्रतीचे किती' असं मोघम विचारू नका. रंगीत पानं, काळी पानं, बाइंडिंग, कव्हर आणि टाइपसेटिंग असे वेगवेगळे आकडे मागा. निदान एक कोटेशन कोल्हापुरातलं असू द्या. प्रूफ बघायला रिक्षाने जाता आलं पाहिजे.

वजनही काढून बघा, साधा गुणाकार आहे. ए-फोर कागद 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम) असेल तर एक पान-पाठ म्हणजे एक ताव साधारण 4.4 ग्रॅम भरतो. 130 जीएसएम आर्ट पेपरचा 8.1 ग्रॅम. गेल्या वर्षीची 180 पानं, म्हणजे 90 ताव, आर्ट पेपरवर जवळपास 730 ग्रॅम झाली, कव्हर सोडून. यंदाची 128 पानं 70 जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे छपाईच्या साध्या कागदावर, 280 ग्रॅम. पोस्ट आणि कुरिअर दोघेही वजनावर पैसे घेतात. आणि मॅपलिथोवर भागधारकाला पेनने खुणा करता येतात. आर्ट पेपरवर शाई पसरते.

पण ताई, कागद आणि शाईत खरे पैसे जात नाहीत. ते जातात दुरुस्त्यांत.

आमच्याकडचाच किस्सा. एका वर्षी लाभांशाच्या ओळीत 2.50 रुपयांचे 25.0 झाले. प्रूफवर पाच जणांच्या सह्या होत्या, माझीही. सगळ्यांनी कव्हरवरचा कारखान्याचा फोटो निरखला होता. त्यात एका कामगाराने हेल्मेट घातलं नव्हतं, त्यावर अर्धा तास चर्चा झाली होती. दशांशचिन्ह कोणी बघितलंच नाही. बाइंडिंग झाल्यावर कॅन्टीनच्या पोऱ्याने पाहिलं. त्याच्या मामाचे शेअर होते, त्याने मला येऊन विचारलं, 'साहेब, यंदा पंचवीस रुपये?' मग 12,000 चिकटपट्ट्या छापल्या आणि वॉचमनपासून अकाउंटंटपर्यंत सगळे तीन रात्री कॉन्फरन्स रूममध्ये डिंक लावत बसलो. स्वस्त होईल म्हणून आम्ही तिसऱ्या प्रूफाचे पैसे वाचवले होते!

डिझायनरच्या कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या फेऱ्या मोजक्या असतात, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यापुढे पानामागे पैसे. म्हणून आकडे ऑडिटरची सही झाल्याशिवाय डिझायनरकडे जाऊ देऊ नका. तुम्हाला वर्षाचे ऑडिटेड निकाल 60 दिवसांत, म्हणजे 30 मेपर्यंत द्यावेच लागतात, तेव्हा जूनमध्ये आकडे पक्के असतात. वर्णनाचा भाग मात्र मार्चमध्येच लिहायला घ्या. दुरुस्त्या तोंडी, फोनवर, व्हॉट्सॲपवर, अण्णांच्या पीएकडून अशा चार वाटांनी येतात. त्या सगळ्या एकाच फाइलमध्ये उतरवून तुमच्याच हातून जाऊ द्या. हिशेबाची पानं एक्सेल-वर्डमधून थेट घ्या, कोणालाही नव्याने टाइप करू देऊ नका. आणि पुढच्या रंगीत पानांत 'कोटी', मागच्या हिशेबात 'लाख' असं होऊ देऊ नका. वाचणारा तिथे हमखास अडखळतो.

तारखांचं बोलतो, कारण आपल्या भागात त्यात गणपती असतात. एजीएम 30 सप्टेंबरच्या आत हवी. समजा 25 सप्टेंबर ठरली. पाठवण्याचा आणि सभेचा दिवस सोडून 21 पूर्ण दिवस हवेत, म्हणजे ईमेल उशिरात उशिरा 3 सप्टेंबरला गेला पाहिजे. पोस्टाने काही जाणार असेल तर आणखी दोन दिवस आधी. ज्या दिवशी पाठवायला सुरुवात कराल त्या दिवसापर्यंत अहवाल बीएसईवर आणि वेबसाइटवरही चढलेला हवा. गणपती ऑगस्टच्या शेवटी आले तरी गोंधळ आणि सप्टेंबरात आले तरी गोंधळ: प्रेसमधली निम्मी माणसं गावी गेलेली असतात. त्यातून सुटताच दिवाळी अंकांची आणि कॅलेंडरांची कामं सुरू होतात आणि तुमच्या 150 प्रती मशीनच्या रांगेत शेवटी ढकलल्या जातात. जुलैअखेर बोर्डाची मंजुरी, 10 ऑगस्टला अंतिम पीडीएफ, 20 ऑगस्टला प्रती हातात, असं वेळापत्रक भिंतीवर लावा. घाईचा दर दीडपट असतो असं मी म्हणणार नाही. तो प्रेसवाल्याच्या मूडवर असतो.

पीडीएफबद्दल सीएफओंना एक सांगा: पीडीएफ फुकट पडत नाही, ती वाचता यावी लागते. तुमचा भागधारक ती मोबाइलवर उघडणार. डिझायनर दोन पानं शेजारी-शेजारी आडवी जोडून देतो, कारण त्याच्या मोठ्या स्क्रीनवर ती छान दिसतात. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी होतात. एकेक उभं पान मागा. ऑडिटरचा रिपोर्ट सही-शिक्क्यासकट स्कॅन करून तिरका चिकटवू नका. टाइप केलेला मजकूर ठेवा आणि सहीच्या जागी 'सही/-'. तरच शोधायचा शब्द सापडतो. अनुक्रमणिकेतल्या नावावर बोट ठेवलं की ते पान उघडलं पाहिजे. कारखान्याचे फोटो लहान करून घ्या. एका कास्टिंगच्या फोटोपायी फाइल फुगते आणि आजऱ्याच्या नेटवर्कवर ती उतरता उतरत नाही. हे सगळं डिझायनरच्या वर्क ऑर्डरमध्ये लिहा. नंतर सांगितलं तर ती 'दुरुस्ती' ठरते.

आता ते पत्र. तुमचे 1,500 ईमेल नसलेले भागधारक कोण असतील? नव्वदच्या दशकात गावातली कंपनी म्हणून इश्यूला अर्ज भरणारे शिक्षक, साखर कारखान्यातले क्लार्क, बँकेतले लोक. काहींचे शेअर अजून कागदावर असतील. यंदा त्यांना तुमच्याकडून एवढा एकच कागद मिळणार आहे. बहुतेक कंपन्या त्यावर इंग्रजीत दोन परिच्छेद आणि तीन ओळींची लिंक छापतात. ती लिंक कोणी हाताने टाइप करेल असं त्यांना खरंच वाटतं का? तुम्ही एका बाजूला इंग्रजी ठेवा आणि पाठीमागे मोठ्या अक्षरात मराठी, काहीसं असं:

'आपल्या कंपनीचा यंदाचा वार्षिक अहवाल तयार आहे. मोबाइलचा कॅमेरा खालच्या चौकोनावर धरला की तो उघडेल. संगणकावर पाहायचा असल्यास आमच्या वेबसाइटवर इन्व्हेस्टर्स, मग ॲन्युअल रिपोर्ट्स असं दाबावं. पूर्ण लिंक खाली दिली आहे. छापील प्रत हवी असल्यास सोबतच्या कार्डावर फक्त सही करून पाठवा किंवा खालच्या नंबरवर फोन करा, प्रत विनामूल्य घरपोच येईल. आपले शेअर कागदी स्वरूपात असतील आणि केवायसी अपूर्ण असेल, तर नियमानुसार लाभांश आपल्या खात्यात जमा होऊ शकत नाही. त्यासाठी आयएसआर-1 फॉर्म सोबत जोडला आहे.'

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. 1 एप्रिल 2024 पासून कागदी शेअरवाल्यांची केवायसी पूर्ण नसेल तर लाभांश अडकतो, आणि सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअरच सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. हे कळलं की माणूस फॉर्म भरतो, आणि फॉर्मवर ईमेलचा रकाना असतो. हा फॉर्म फक्त कागदी शेअरवाल्यांसाठी. डीमॅटवाल्यांना ईमेल त्यांच्या डीपीकडेच (डीमॅट खातं असलेल्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे) नोंदवावा लागतो, तेही एका ओळीत लिहा. दरवर्षी 1,500 चे काहीशे कमी झाले तर पुढच्या वर्षीचा पोस्टाचा खर्च आपोआप उतरतो. चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, फुकटच्या ॲपवरून काढू नका. त्यातले काही मुदतीनंतर बंद पडतात. लिंक तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवरची असू द्या आणि पत्र छापण्याआधी तीन वेगवेगळ्या मोबाइलवर उघडून बघा. त्यातला एक मोबाइल जुना, काच फुटलेला असावा.

राहिले अण्णा. त्यांना 'खर्च कमी करायचाय' असं सांगू नका, ते ऐकणार नाहीत. त्यांच्या पिढीने खर्च कमी करूनच कंपनी उभी केली आहे, तुमच्याकडून काय ऐकतील? त्यांना त्यांची 8 पानं द्या. कव्हर चांगल्या जाड कागदाचं, मॅट लॅमिनेशनचं करा, चमकी आणि सोनेरी फॉइल नको. आत दोन पानांचं त्यांचं पत्र. वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेचा अहवाल त्यांना एकदा दाखवा. फोटो आणि रंग जवळजवळ नाहीतच, साधं कव्हर, आणि बफेंनी भागधारकांना लिहिलेली पत्रं लोकांनी जगभर वाचली. अण्णांचं पत्र एजन्सीकडून लिहून घेऊ नका. 'आव्हानात्मक परिस्थितीतही आपल्या कंपनीने दमदार वाटचाल केली' हे वाक्य कुठल्याही कंपनीच्या अहवालात चिकटवता येतं. तुम्ही फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून त्यांना भट्टीजवळ उभं करा आणि विचारा, यंदा काय चुकलं. ते म्हणतील, 'दुसरी फर्नेस दोन महिने उशिरा आली, त्यात पंपवाल्याची ऑर्डर हातची गेली.' ते तसंच लिहा. फक्त बाजाराला आधी न कळवलेलं काही त्यात शिरत नाही ना, हे तेवढं तुम्ही बघा. अण्णा बोलायला लागले की पुढच्या वर्षीच्या ऑर्डरीही सांगून टाकतील.

150 प्रतींचा हिशेब असा धरा: मागणारे भागधारक पन्नासच्या आसपास, मराठी पत्रामुळे कदाचित सत्तर-ऐंशी होतील. संचालक, ऑडिटर, बँका, दोन-चार मोठी गिऱ्हाइकं आणि 20 अण्णांच्या टेबलावर. कमी पडल्या तर डिजिटल प्रेस आणखी पंचवीस दोन दिवसांत काढून देतं, म्हणून तर ऑफसेट नको म्हणालो.

अण्णांशी बोलायला जाण्याआधी स्टोअरकीपरकडून त्या उरलेल्या प्रती प्रत्यक्ष मोजून घ्या. 600 म्हणताय तुम्ही, पण मला वाटतं जास्त निघतील. एक बंडल वर घेऊन या आणि वजनकाट्यावर ठेवून मगच त्यांच्या केबिनमध्ये न्या. फाउंड्रीवाला माणूस आहे, त्यांना कोटेशनपेक्षा किलो लवकर कळतील.